पायाखालचं ओलं

मी देवरावांची अँबेसिडर बोलतेय. जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा नुसती घुसमटत राहिले, म्हणून आता बोलतेय.

अडुसष्ट साली मी नागपुरात आले. देवरावांचा संत्र्यांचा व्यापार. मला चालवायचा लहानू. रोज सकाळी तो माझ्या आतल्या पायपुसण्यांखाली तळहात फिरवायचा, धूळ-खडे काढायचा आणि मगच चावी लावायचा. मला फार आवडायचं ते.

देवरावांच्या आईला, रंभाबाईंना, इथला उन्हाळा सोसत नसे. एका मे महिन्यात लहानू गावी गेलेला असताना देवरावांनी स्वतः ड्रिल घेतलं, मागच्या खिडकीच्या वर माझ्या टपाला चार भोकं पाडली आणि वाळ्याची ताटी टांगली. दुखलं हो! पण भिजवलेल्या ताटीतून गार वारा आला की म्हातारी डोळे मिटून हसायची. मग मीही सोसलं.

लहानू परत यायच्या आत उन्हाळा सरला, ताटी उतरली. भोकं बुजवायला देवरावांनी काय भरावं? कपड्याचा साबण! मागे मौद्याच्या रस्त्यावर पेट्रोलची टाकी गळायला लागली, तेव्हा साबण घासून त्यांनी मला घरापर्यंत आणलं होतं. तेव्हापासून साबणावर त्यांची भारी श्रद्धा. कोणाला सांगितलं नाही, वरून काळा रंग फासला की झालं. अहो, पेट्रोलपुढे साबण टिकतो, पाण्यात विरघळतो!

जुलैची झड लागली. पाणी छताच्या कापडाआडून, दाराच्या खांबातून उतरत थेट मागच्या पायपुसण्याखाली. वर एक डाग नाही, खाली नुसती पचपच. आणि त्या पाण्याला साबणाचा वास.

"लहानू, काहून गा? गाडी धुतानी साबणाचं पाणी आत सोडतं का?"

"नाही मालक, कसम से. मी आतमंदी बादलीच नेत नाही."

बिचाऱ्याने काचांचे रबर तपासले, पत्रा चाचपला, दारं उघडून-मिटून पाहिली. माझा जीव नुसता वरखाली. वर बघ रे बाबा, वर! पण सांगू कशी? मला आपला एक हॉर्न, तोही दुसऱ्याने दाबला तर वाजणारा.

एके दिवशी उतरताना त्या निसरड्या पायपुसण्यावरून रंभाबाईंचा पाय घसरला. मनगट मोडलं. देवराव सगळ्या गल्लीसमोर ओरडले, "उद्यापासून येऊ नको!" लहानूने चावी माझ्या बॉनेटवर ठेवली आणि मागे न बघता गेला.

पाणी मात्र थांबलं नाही. आता देवरावच चालवायचे. एकदा भर पावसात प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन मागे बसलेल्या रंभाबाई म्हणाल्या, "देवा, थांब. हे पाह्य गा, काचेवरून फेस उतरून राहिला. माह्या ताटीच्या भोकातून!"

देवराव पावसात उतरले. भोकात बोट घातलं, नाकाशी नेलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये भोकं नीट बुजवून घेतली.

"आता लहानूले घेऊन ये," रंभाबाईंनी बजावलं. "तो आल्याबिगर मी या गाडीत बसत नाही."

लहानू कोराडीला कोळशाचा ट्रक चालवत होता. आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो. तो बाहेर आला, माझं मागचं दार उघडलं आणि पायपुसण्याखाली तळहात फिरवला. कितीतरी दिवसांनी तो हात लागला. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"कोरडी हाय," तो म्हणाला.

"चाल गा. गाडी तुले बलावून राहिली."

"गाडी बलावते, मले मालूम हाय मालक. तुमी काहून आले?"

देवरावांचे ओठ हलले. 'चुकलो' म्हणा ना हो, म्हणा! पण ते पुन्हा तेवढंच बोलले, "चाल ना गा."

लहानूने माझं दार हळूच लावलं आणि तो घरात गेला.

रंभाबाई माझ्यात पुन्हा कधी बसल्या नाहीत. आज मी गोदामामागे उभी आहे, चारही चाकं मातीत रुतलीत. आत थेंबभर पाणी येत नाही, तरी जिवाला चैन नाही. तुमचाही कोणाला असा एखादा शब्द बोलायचा राहिला असेल, तर जा, आजच बोलून या. मला तोंड नव्हतं हो. देवरावांना तर होतं!