बाद फिल्म

मी एक बाद झालेली एक्स-रे फिल्म. बाद म्हणजे नापास. पण आधीच सांगून ठेवते, दोष माझा नव्हता! समोर जे होतं ते मी इमानानं उमटवलं.

साल अठ्ठ्याहत्तर. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात मी कोरी करकरीत खोक्यात पडून होते. तिथं जगदेवी आली, सोबत तिची सासू शरणम्मा. जगदेवीचा नवरा शिवयोगी तीन वर्षांपासून कॅनडात फिटर होता. बायकोलाही तिथं कायमचं राहायचा परवाना मिळावा म्हणून त्यानं अर्ज केला होता. सगळे कागद जुळले होते, फक्त छातीची तपासणी उरली होती. महिनाअखेरपर्यंत तिचा अहवाल कॅनडाच्या दिल्लीतल्या कचेरीत पोचला नाही तर अर्ज रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लग्नानंतर ही दोघं जेमतेम चार महिने एकत्र राहिलेली.

"गळ्यातलं सगळं काढा," यंत्रावरचे ज्ञानबा म्हणाले आणि पडद्याआड गेले. जगदेवीनं बोरमाळ काढली, मंगळसूत्रही सासूच्या हातात दिलं. मग मला बसवलेल्या चौकटीला ती छाती टेकून उभी राहिली, ज्ञानबांनी खटका दाबला.

अंधाऱ्या खोलीत मला औषधात बुडवून काढलं आणि उजेडापुढं धरलं. ज्ञानबांनी कपाळावर हात मारला. फासळ्या ठीक, काळीज ठीक, आणि मधोमध पांढराफटक गोळा!

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"इष्टलिंग हाय. चांदीच्या डबीत," जगदेवी हळूच म्हणाली.

"ते काढा, पुन्हा फोटो घेऊ."

"ते न्हाई काढत मी."

लिंगायत घरातली ती. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग जीव असेतोवर अंगावेगळं करायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं.

"मग मी सही करणार नाही," डॉक्टर वैतागले. "हा डाग बघून दिल्लीवाले कागद परत पाठवतील."

"ऱ्हाऊ द्या परवाना," म्हणत जगदेवी हमसून रडायला लागली. मला आधी तिचा रागच आला. नवरा तिकडं डोळे लावून बसलाय आणि ही बया अडून बसली! मंगळसूत्र मात्र लगेच काढून दिलं होतं हिनं. पण तिचं रडणं ऐकवेना, तेव्हा माझा राग ओसरला.

बाकड्यावर बसलेली शरणम्मा उठली.

"रडतीस कशाला गं? रोज सकाळी पूजा कशावर करतीस?"

"तळहातावर."

"मग तसंच घे की डाव्या हातात! दोरा मनगटाला गुंडाळ, मूठ ठेव कमरंवर. अंगाला लागूनच ऱ्हातंय न्हवं? डागदर, चालंल का?"

डॉक्टर हसले. "चालेल की!"

दुसरी फिल्म लख्ख निघाली. सही झाली, आणि ती मिजासखोर दिल्लीला गेली. मला ज्ञानबा टोपलीत टाकणार, तोच शरणम्मानं हिसकावून घेतलं.

"माझ्या सुनंची छाती हाय ती, कचऱ्यात टाकता व्हय?"

अशी मी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी आले, खिडकीला टांगली गेले. चार महिन्यांनी परवाना आला. सासूनं गल्लीभर पेढे वाटले, आणि मग चुलीपुढं बसून पदर तोंडात धरून रडली.

निघायच्या दिवशी जगदेवी उंबऱ्यापाशी पाया पडली.

"येते, आत्याबाई."

"कायमचा परवाना काढलाईस, आन् येते म्हणतीस?"

"मग काय जाते म्हणू?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मलाही भरून आलं हो, पण फिल्मनं रडायचं कसं?

परवा तिचं पत्र आलं. दिवस गेलेत तिला, शिवयोगी घरात पाऊल उचलू देत नाही म्हणे. पोरी, सुखानं नांद तिकडं. तुझ्या सासूची सोबत करायला मी आहे.

आजही शेजारची काशम्मा आली आणि सुनेचा फोटो मागू लागली. शरणम्मानं मला खिडकीतून काढलं, उन्हापुढं धरलं, आणि डाव्या अंगाला बोट ठेवलं.

"ह्ये बघ तिचं काळीज. हितंच ठिवून गेलीय."