मुक्या बंदुकीचा वर्ग

मित्रांनो, मला पाहून मागे सरू नका. मी बंदूक आहे खरी, पण वयाने जुनी आणि तोंडाने मुकी. माझ्या नळीत शिसं ओतून ती कायमची बुजवली आहे आणि काडतुसावर आदळणारी पिनही काढून घेतली आहे. दस्ता तेवढा मूळचा, अक्रोडाच्या लाकडाचा. शेकडो माणसांनी हाताळून हाताळून त्याचं पॉलिश उडालं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिली अकरा वर्षं मी एका वनरक्षकाच्या खांद्यावर काढली. तो भला माणूस होता. त्याने माझ्यातून फार तर दोनदा हवेत बार काढला असेल, पण रोज संध्याकाळी पुसून, कुलपात ठेवून मगच तो जेवायला बसायचा. तो निवृत्त झाला, नव्या बंदुका आल्या आणि मी गोदामात धूळ खात पडले.

मग एक नवा नियम निघाला. ज्याला बंदूक विकत घ्यायची असेल, त्याने आधी दोन दिवस सुरक्षेचं शिक्षण घ्यायचं. पहिल्या दिवशी कायदा आणि लेखी परीक्षा. दुसऱ्या दिवशी बंदूक प्रत्यक्ष हाताळून दाखवायची. शिकवणाऱ्याची सही असलेला दाखला दाखवल्याशिवाय दुकानदाराने बंदूक द्यायची नाही. या वर्गासाठी ज्यातून गोळी सुटणार नाही अशी बंदूक हवी होती. तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली. खोटं कशाला बोलू, नळी बुजवली त्या दिवशी मला माझं नाक कापल्यासारखं वाटलं.

पण वर्गात गेले आणि माझा रुसवा पळाला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. वीस खुर्च्या, एक फळा आणि हिरवं कापड अंथरलेलं लांब टेबल. शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अंगाने बुटके, पण आवाज असा की खाली सायकलवाल्याचा हातोडाही थांबायचा.

नळीच्या बुडाशी काडतूस बसायची जागा असते (शिसं ओतताना माझी ती तेवढी उघडी ठेवली होती), तिला मास्तर ‘घर’ म्हणायचे. खालून काडतुसांचं मॅगझिन काढून घेतलं की बहुतेकांना वाटतं, झाली बंदूक रिकामी. मास्तर म्हणायचे, “पाहुणे गेले म्हणून घर रिकामं होतं का? आत आजी झोपलेली असते.” लोक हसायचे. मग ते प्रत्येकाला बोल्ट, म्हणजे त्या घराचं लोखंडी दार, मागे ओढायला लावायचे, आत डोळ्यांनी पाहायला लावायचे आणि करंगळी घालून चाचपायलाही लावायचे. एक धिप्पाड ठेकेदार या एका गोष्टीवर तीनदा नापास झाला. त्याने ओरडून खोली डोक्यावर घेतली, ओळखीपाळखी सांगितल्या, पण मास्तर ढिम्म. चौथ्यांदा पास झाला तेव्हा त्यानेच मास्तरांचे दोन्ही हात धरून आभार मानले. मला त्या दिवशी मास्तरांचा केवढा अभिमान वाटला!

अशी दहा वर्षं गेली. मग एक दिवस वर्गात दाजी आले.

दाजी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालवाहतुकीचा त्यांचा व्यवसाय होता. ते भिडस्त आणि कष्टाळू होते, पण कायम घाईत. घरात चोरी झाल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, म्हणून बंदूक घ्यायचं ठरवलं होतं. मास्तरांची आई लवकर गेली होती आणि ताईनेच त्यांना वाढवलं होतं. कपडे शिवून तिने त्यांचं शिक्षण केलं होतं. त्यामुळे दाजी वर्गात शिरताच मास्तर खुर्ची सोडून उभे राहिले. मला ते खटकलं. मास्तर कुणासाठी उभे राहत नसत.

पहिला दिवस दाजींनी नीट पार पाडला. लेखी परीक्षेत त्यांना चांगले गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते दारातच उभे राहिले. तीन ट्रक अडकून पडले होते, त्यांना जाणं भाग होतं. पुढचा वर्ग दीड महिन्यांनी होता आणि तेवढं थांबायची त्यांची तयारी नव्हती. घरी येऊन शिकवशील की कधीतरी, असं ते म्हणाले. मास्तर बराच वेळ टेबलावरचं हिरवं कापड सारखं करत राहिले. मग त्यांनी दाखला काढला आणि सही केली. मित्रांनो, मी तिथेच होते, वीतभर अंतरावर. मला ओरडता आलं असतं तर!

घरी जाऊन शिकवायचं राहून गेलं. आज नको, पुढच्या रविवारी बघू, असं करत पाच महिने उलटले.

पुढचं मी वर्गातल्या बोलण्यातून ऐकलं. एका दुपारी दाजी जेवणाच्या टेबलावर बंदूक साफ करायला बसले. त्यांनी मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. ताई खिडकीपाशी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. बंदूक उघडण्याआधी चाप ओढावा लागतो असं माहितीपत्रकात लिहिलं होतं, म्हणून दाजींनी तो ओढला. नळीच्या ‘घरा’त एक काडतूस होतं.

ताई वाचली. पण गोळी तिच्या उजव्या हातातून आरपार गेली. दोन शस्त्रक्रिया झाल्या तरी तीन बोटं वळेनाशी झाली. कात्री धरणं सुटलं, सुई तर दूरच.

चौकशी झाली. दाजींच्या कागदांत रीतसर दाखला होता. म्हणजे माणूस शिकलेला, तरी त्याने निष्काळजीपणा केला, असा निष्कर्ष निघाला. दाजी काही बोलले नाहीत. मेहुण्याचं नाव घ्यायचं नाही, अगदी ताईपुढेही नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. मास्तरही गप्प राहिले. वर्ग चालू होता, पण मास्तर आता आजीचा विनोद सांगत नसत. बोल्ट ओढून दाखवताना ते एकदा नाही, तीनतीनदा आत बघायचे.

तीन महिन्यांनी ताई वर्गात आली, एकटीच. वर्ग सुटला होता. तिने उजवा हात ओढणीखाली झाकला होता. जिना चढून तिला दम लागला होता, तरी ती खुर्चीवर बसली नाही.

“धाकट्या, यांना काय शिकवलंस ते मलाही शिकव,” ती म्हणाली.

मास्तरांनी मला उचललं. नळी भिंतीकडे केली, मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, आत पाहिलं आणि करंगळी घालून चाचपलं. मग त्यांनी मला ताईपुढे ठेवलं. तिने डाव्या हाताने तेच सगळं केलं. तिला वेळ लागला, पण ती चुकली नाही. शेवटी तिने करंगळी आत घालून पाहिली. तिचा हात गार होता.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच.”

“पाच मिनिटंही लागली नाहीत. मग हे विसरले कसे? इतका हिशोबी माणूस. रात्रंदिवस तेच म्हणतायत, मी कसा विसरलो, मी कसा विसरलो. जेवण सुटलंय त्यांचं.”

मास्तरांनी माझा बोल्ट पुढे ढकलून बंद केला.

“ते विसरले नाहीत, ताई,” मास्तर म्हणाले. “मी शिकवलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते आलेच नव्हते. मी सही केली.”

ताई रागावेल, रडेल असं मला वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली. मग तिने विचारलं, “इतरांनाही अशी सही दिलीस?”

“नाही. फक्त दाजींना. आपले म्हणून.”

“परक्यांना शिकवलंस,” ती म्हणाली, “आणि आपल्याला दिलास कागद.”

एवढं बोलून ती उठली. दाराशी थांबून, मागे न बघता ती म्हणाली की हे जिथे सांगायचं तिथे जाऊन सांग, माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी सांग. मास्तर तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी परवाना कार्यालयात जाऊन सगळं लिहून दिलं. त्यांची शिकवण्याची परवानगी गेली. त्यांच्यावर आणि दाजींवर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. दाजींनी बंदूक कधीच जमा करून टाकली होती.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. एक सही खोटी निघाल्यावर बाकीच्या सह्यांवर कोण विश्वास ठेवणार? मास्तरांनी दाखला दिलेल्या प्रत्येकाला पुन्हा परीक्षेला बोलावण्यात आलं. सहाशे बारा माणसं! उन्हाळाभर ती जिन्यात रांगा लावून उभी राहिली. सगळे मास्तरांच्या नावाने बोटं मोडत होते. तो ठेकेदारही आला होता. त्याने बोल्ट ओढला, आत पाहिलं, करंगळी घातली आणि मान खाली घालून निघून गेला. सहाशे बारांपैकी फक्त नऊ जण अडखळले. मास्तरांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी ते कागदावर लिहिलं. पण ते मास्तरांना दाखवावं असं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही.

आता या नव्या बाई शिकवतात. त्या आधी पोलिसांत होत्या. शिस्तीच्या आहेत, विनोद करत नाहीत. त्यांच्या घराला लागूनच ताईचं घर आहे, म्हणून मला थोडंफार कळतं. मास्तर रोज दुपारी ताईकडे जातात. ती खडूने कापडावर खुणा करते, मास्तर कात्री चालवतात. पहिले गणवेश वाकडे झाले, ते तिने उसवून पुन्हा करायला लावले. दाजी शेजारी बसून बटणं लावतात. तिघं फारसं बोलत नाहीत म्हणे. ताईने भावाला माफ केलं की नाही, हे बाईंनाही माहीत नाही. तिने विचारू दिलेलं नाही.

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही. लोखंड आणि लाकूड, दुसरं काय? पण माझी एक विनंती ऐका. माझ्यासारखी एखादी बंदूक कुठे पडलेली दिसली, तर ती रिकामी आहे असं कुणीही सांगितलं तरी हात लावू नका. तिथून बाहेर या आणि मोठ्या माणसाला सांगा. आणि त्या मोठ्या माणसाकडे दाखला असेल, तर तो पाहून गप्प बसू नका. तो कागद लहानसाच असतो, घडी करून खिशात मावतो. त्या माणसाला विचारा, दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात होता ना? तो रागावला तरी चालेल. तुमचा माणूस आहे, म्हणून विचारा.