कौसर आली की चहा विचारायचा नाही

नातू झाला त्याच दिवशी इन्शिराहच्या अंगावर नागीण उठली. उजव्या बरगडीपासून पाठीपर्यंत टपोऱ्या फोडांचा पट्टा, आणि आग अशी की अंगाला झगा टेकवेना. लेक रबाब लग्नानंतर चौथ्या वर्षी बाळंत झालेली, राहायला त्याच इमारतीत, एक मजला वर. आणि आजीबाई खाली एका कुशीवर पडून पंख्याला शिव्या घालत होत्या.

"फोड सुकून खपली धरेपर्यंत बाळाजवळ फिरकायचं नाही," डॉक्टर नाहिदनं बजावलं. "तान्ह्याला कांजिण्या होतील."

"किती दिवस?"

"सात. कदाचित दहा."

दहा कुणाला परवडणार? सातव्या दिवशी बाळाचा सुबू. पोराला चाळणीत घालून हलवायचं, कानाशी पितळी खलबत्ता दणादणा वाजवायचा आणि सांगायचं, आईचं ऐक, बापाचं ऐकू नको. अख्ख्या करमूझ वस्तीत खलबत्ता आईची आई वाजवते. आता विहीण कौसर म्हणत होती, आमच्याकडे बापाची आई वाजवते. आमच्याकडे म्हणे! ज्या घरात माशाला मीठ किती घालावं हे ठाऊक नाही, तिथे कसल्या आल्यात रीती?

"याआधी कधी आजारी पडला होतात, उम्म रबाब?" डॉक्टरनं विचारलं. रबाबची आई, म्हणून वस्तीत तिला सगळे उम्म रबाबच म्हणत.

"रबाबच्या साखरपुड्याला तोंड आलं होतं. लग्नात तीन आठवडे ताप."

"त्या दिवसांत विशेष काय घडलं होतं?"

"कौसर," इन्शिराह म्हणाली.

डॉक्टर हसली. मग तिनं समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो. माणूस रात्रंदिवस संतापलेला असला की शरीराला वाटतं शत्रू दारात आलाय. सगळे पहारेकरी दाराकडे धावतात आणि घरातला झोपलेला चोर उठून बसतो. गोळ्या गोळ्यांचं काम करतील. पण रोज दोनदा वीस मिनिटं शांत बसायचं, श्वास मोजायचे, एक ते दहा. हा काही ताईत नाही, पण झोप लागेल, पहारेकऱ्यांना उसंत मिळेल.

इन्शिराहनं यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं.

"म्हणजे कौसरमुळेच झालं. हे कागदावर लिहून द्या. शिक्का मारून."

"तिच्यामुळे नाही हो. तुमच्या रागामुळे."

"राग कुणाचा येतो मला? मग लिहा की!"

कागद काही मिळाला नाही. श्वास तेवढे मिळाले, फुकटातले. इन्शिराहनं स्वयंपाकघरात खुर्ची मांडली, डोळे मिटले. एक. दोन. तीन. चौथ्या श्वासाला कौसर आली, हातात बिस्किटांचं ताट, चेहऱ्यावर तेच गोड हसू. इन्शिराहनं डोळे उघडले आणि भिंतीला चार शब्द सुनावले. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरला फोन लावला.

"चारच्या पुढे जातच नाही. कौसर येते."

"येऊ दे की. बसेल आणि जाईल."

"जाईल कशी? दारात आलेल्या माणसाला चहा विचारावा लागतो. विचारला की बाई तीन चमचे साखर मागते. मग म्हणते, उम्म रबाब, तुमचा चहा जरा पातळच. मग मी तिला सोडते होय?"

असा रोगी डॉक्टरच्या पुस्तकात नसावा.

"असं करा," ती म्हणाली. "कौसर आली की चहा विचारायचा नाही. फक्त श्वास मोजायचा."

"घरी आलेल्या पाहुण्याला?"

"पाहुणा डोक्यात आलाय, घरात नाही!"

तरी बाईला हे जड गेलं. मनातल्या पाहुण्यालाही कोरडं बसवणं तिच्या रक्तात नव्हतं. पण चौथ्या दिवशी ती पाचपर्यंत पोचली, सहाव्या दिवशी सातपर्यंत, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोपली. आग कमी झाली. फोडांवर खपल्या धरल्या.

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टरनं पाठ तपासली. "दोन अजून ओले आहेत. आणखी दोन दिवस."

"झग्याखाली कुणाला दिसतंय?"

"मला दिसलं. आता तुम्हालाही ठाऊक आहे."

दुपारी वरच्या मजल्यावर पाहुण्यांचा कल्ला सुरू झाला. इन्शिराहनं ठेवणीतला झगा घातला, आईचा खलबत्ता उचलला आणि जिना चढू लागली. दोन फोड! दोन फोडांसाठी आजीनं घरात बसायचं? याच खलबत्त्यानं तिच्या आईनं रबाबचा सुबू वाजवला होता. आज हा कौसरच्या हातात गेला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

अर्ध्या जिन्यात बाळाचं रडणं कानावर आलं. एवढासा आवाज, मांजराच्या पिल्लाचा असावा तसा. तिचे पाय थांबले. ती पायरीवर बसली, खलबत्ता मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. चौथ्या श्वासाला कौसर आली. इन्शिराहनं तिला बसू दिलं. सात. आठ. नऊ. दहा. आयुष्यात पहिल्यांदा दहा.

डोळे उघडले तर समोर खरीच कौसर, हातात रिकामे पेले.

"काय हो विहीणबाई, जिन्यात झोपलात?"

"दोन ओले आहेत," इन्शिराह म्हणाली. खलबत्ता पायरीवर ठेवून ती दोन पायऱ्या खाली सरकली. "न्या. आणि नीट वाजवा."

कौसरनं पेले पायरीवर ठेवले. तिनं खलबत्ता पदराखालच्या लेकरासारखा छातीशी धरला आणि वर गेली.

इन्शिराह घरी येऊन खिडकीशी उभी राहिली. वरून ठोके सुरू झाले. अगदीच मिळमिळीत.

"लसूण ठेचताय काय?" ती छताकडे बघून ओरडली. "जोरात!"

ठोके वाढले. छताचा चुना झडावा इतके वाढले. मग कौसरचा फाटका आवाज आला, "पोरा, आईचं ऐक! बापाचं ऐकू नको! आणि माझं तर मुळीच ऐकू नको. खालच्या आजीचं ऐक!"

इन्शिराह हुंदके देऊन रडली. श्वास वगैरे काही मोजले नाहीत. मग तिनं डोळे पुसले आणि चुलीवर चहा ठेवला, चांगला दाट. खलबत्ता परत द्यायला कौसर येणार होती. साखर किती, ते विचारायची गरज नव्हती.