‘मूळ सीडी घाला’

मी एक जुनी सीडी आहे. मोटारींच्या शर्यतीच्या खेळाची, अस्सल, कंपनीची. माझ्या कडेला हळदीचा डाग आहे आणि पोटावर गोल गोल ओरखडे. मित्रांनो, मी भारी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे नवल वाटायला नको.

कारखान्यात माझ्या चकचकीत अंगावर सगळा खेळ कोरला गेला आणि शेवटी एक गुपित खूण घातली गेली. ती खूण नकलेत उतरत नाही. २००२ साली उत्तमसिंगांनी मला नांदेडहून आणलं. औंढा नागनाथला बसस्टँडसमोर त्यांचं एसटीडी आणि टायपिंगचं दुकान होतं. तिथल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर त्यांची लेकरं, जगन आणि पुजा, शर्यत खेळू लागली. कीबोर्ड एकच, डावीकडे पुजा, उजवीकडे जगन. मी आत नसले की पडद्यावर पाटी यायची, ‘मूळ सीडी घाला’. शेजारच्या प्रमोदने माझी नक्कल काढायचा हट्ट धरला. तीन कोऱ्या सीड्या वाया गेल्या, पण पाटी काही हटेना.

“हिला कुलूप हाय!” तो चिडून म्हणाला.

“कुलूप कशाला? इमानदार हाय म्हन,” उत्तमसिंग हसले. त्या दिवशी मी डबीत मावेनाशी झाले.

भाऊबीजेला ओवाळणं झालं की बहीणभावांची एक शर्यत ठरलेली. जिंकणाऱ्याची रेघ दुकानाच्या भिंतीवर ओढायची. सहा वर्षांत तीन रेघा जगनच्या, तीन पुजाच्या. सातव्या वर्षी, २००८ साली, पुजाचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. म्हणजे फैसल्याची शर्यत त्या भाऊबीजेचीच.

पण त्याच उन्हाळ्यात पुण्याला राहायला गेलेला जगन तिथून लॅपटॉप घेऊन आला, आणि माझ्या नशिबी सवत आली. खेळ तोच, पण इंटरनेटवरच्या दुकानातून घेतलेला. त्या दुकानाचा एक प्रोग्राम लॅपटॉपमध्ये ठाण मांडून बसला होता.

“आता सीडीची कटकट न्हाई,” जगन म्हणाला. “कॉपी रोखायचं कुलूपच न्हाई याला. नाव टाक, पासवर्ड टाक, खेळ.”

“कुलूप न्हाई, तर पासवर्ड काहून मागून राहिलं ते?” पुजाने विचारलं.

“ते फकस्त वळख पटवायला.”

“मंग सीडी बी तेच करत होती की!”

शाब्बास पोरी! मी खूण दाखवली की ते कुलूप, आणि हा मेला घडोघडी दुकानदाराला तारेवरून विचारतो, तर तो म्हणे सोय! माझा नुसता जळफळाट झाला. उत्तमसिंगांच्या दुकानातही टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं होतं, तेव्हा जगनने त्याच्या नावाने तो खेळ तिथल्या कॉम्प्युटरवरही घालून दिला. आठ दिवसांनी पुजा खेळत असताना पुण्यात जगनने खेळ सुरू केला आणि इकडचा बंद पडला. एका नावावर एका वेळी एकच! मला इतका आनंद झाला की बोलायची सोय नाही.

पण गर्वाचं घर खाली. दसऱ्याला दुकानातल्या हत्यारांची पूजा झाली. तांड्यावरून आलेल्या आजी, रुख्मिणीबाई, यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि मग मला हातात घेतलं. चकाकतं ते देवाचं तोंड, असं समजून नेमक्या माझ्या वाचायच्या अंगावर त्यांनी ओली हळद लावली. माया खरी होती, जागा चुकली. कुणी पुसलं नाही. कारण मी कुणाला लागतच नव्हते.

भाऊबीज आली. जगन एका दिवसासाठी आला. ओवाळून झालं, दोघं बसले, आणि तो लाडका प्रोग्राम म्हणाला, ‘दुकानाशी संपर्क होत नाही.’ रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची केबल तुटली होती. जगनने चार वेळा पासवर्ड टाकला. खेळ त्याचा होता, पण उघडायची परवानगी दुसरीकडे होती.

“सीडी काढ,” पुजा म्हणाली.

वाळलेली हळद जगनने शर्टाच्या टोकाने खसाखसा, गोल गोल पुसली. ते हे ओरखडे. मी आत गेले. दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा जिवाच्या कराराने फिरले आणि शर्यत सुरू झाली. आजी मधे बसून दोघांनाही “पळव, पळव” म्हणत होत्या. शेवटच्या फेरीत दोन्ही गाड्या बरोबरीत आल्या, शर्यत संपायची रेघ हातभर राहिली, आणि मी ओरखड्यात अडकले. पडदा तसाच गोठला.

पुजाने मला अलगद काढलं आणि लग्नाच्या पेटीत साड्यांवर ठेवलं.

“फैसला बाकी हाय, भाऊ. ही माझ्यासंगं येईल.”

“एक कॉपी तरी काढून ठेवू का मला?” जगनने विचारलं.

“निघत न्हाई हिची कॉपी. खेळायचं असंल तर माझ्या घरी यायचं.”

दरवर्षी तो येतो. मी आता कधी चालते, कधी नाही, पण तो येतो.

मित्रांनो, सीडी नेहमी कडेला धरा, आणि पुसताना मधून बाहेर सरळ पुसा. कुलूप मीही होते, आता नाकारत नाही. कुठलीही वस्तू घेताना एवढंच बघा, किल्ली आपल्या हातात येते की दुकानदाराकडेच राहते. मी पुजाबरोबर सासरी आले. तो प्रोग्राम जगनच्या नावाला बांधलेला, त्याला काही येता आलं नाही. याचा मला अजूनही आनंद होतो.