दोरीचं दुसरं टोक

वसंत ओसरू लागला होता. डोंगरउतारावरच्या संत्र्यांना शुभ्र फुलं आली होती, आणि त्यांचा मधुगंध वाऱ्याच्या पाठीवर बसून पार पाण्यापर्यंत उतरत होता. समुद्र कसा, तर नुकत्याच निजलेल्या तान्ह्याच्या छातीसारखा. संथ, उबदार, विश्वासानं वरखाली होणारा. त्या काचहिरव्या पाण्यावर सकाळचं केशरी ऊन सांडलं होतं, आणि उन्हात एक लहानशी लाकडी होडी डुलत होती.

होडीत ॲडमिरल तोकुजी हमाओका बसला होता. पदकं नव्हती, तलवार नव्हती. अंगात मेलेल्या बापाचा जुना सुती अंगरखा, आणि हातात ओली, खरबरीत दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, खोल, हरितनील अंधारात, त्याची आई होती.

जपानच्या त्या किनाऱ्यावर बायका बुडी मारत आणि पुरुष दोरी धरत. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कमरेला दोरी बांधायची, छातीशी दगड कवटाळायचा, आणि तळाच्या खडकांना चिकटलेले मोठे शिंपले लोखंडी पट्टीनं उचकटायचे. श्वास सरत आला की दोरीला एक हिसका. तो हिसका आला की होडीतल्या माणसानं सगळा जीव हातांत आणून ओढायचं. त्याच्याआधी नाही, आणि त्याच्यानंतर तर नाहीच नाही. वर आलेली बाई कोंडलेला श्वास ओठांतून सोडायची, त्याची शीळ व्हायची. लांब, करुण, शंखनादासारखी ओली.

त्या शिळेवर तोकुजी वाढला. होडीतल्या टोपलीत तो भुकेनं रडे. मग पाणी दुभंगे, शीळ येई, आणि थरथरते गार हात त्याला छातीशी घेत. दुधाला मिठाची चव असे. कितीतरी वर्षं त्याला वाटे, साऱ्या जगातल्या आया अशा पाण्यातूनच येतात.

पुढे समुद्रानं त्याला निराळ्या आवाजात हाक मारली. नौदलाची शाळा आली, पोलादी जहाजं आली, आभाळभर धुराच्या पताका आल्या. तरुणपणीच्या एका युद्धात तोफेनं त्याचा डावा कान नेला आणि छातीवर पहिलं पदक ठेवलं. कप्तान झाला, केस पिकले, आणि आरमाराच्या पाणबुड्यांचा एक अख्खा ताफा त्याच्या हाताखाली आला. नकाशाच्या निळाईवर तो बोट ठेवी, आणि तिथे, तेवढ्याच जागी, माणसं समुद्राच्या पोटात उतरत. काही परत येत. आताचं हे महायुद्ध म्हातारं होत गेलं, तशी परत येणारी विरळ होत गेली, पहाटेच्या चांदण्यांसारखी.

या वसंतात त्यांतल्या एका पाणबुडीवर त्याचा मुलगा होता. कानामे. कोवळ्या मिशीचा, आजीसारखी गालावर खळी असलेला. मोहिमेचा हुकूम राजधानीतून आला. खाली सही तोकुजीची झाली. पाणबुडी गेल्यावर कळलं, की त्या सामुद्रधुनीत शत्रूनं मृत्यूचं जाळं विणलं आहे. तिला माघारी बोलावू द्या, म्हणून तो राजधानीत जाऊन वाकून उभा राहिला.

"त्यात तुमचा मुलगा आहे, म्हणून ना?" एवढंच तिथे कुणीतरी म्हणालं.

पाठवण्याचा अधिकार त्याला होता. परत आणण्याचा नव्हता. आणि मग पाणबुडीच मुकी झाली. संदेशयंत्रावर बसलेली पोरं त्याला पाहिलं की मान खाली घालू लागली.

तेव्हा तो गावी आला. का आला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"नातू कुठं आहे माझा?" दारातच आईनं विचारलं होतं.

"समुद्रावर."

"वर, की खाली?"

"आई, ते गुपित असतं. सांगता येत नाही."

"माझ्याशी समुद्राची गुपितं!" म्हातारी इसो खळी पाडून हसली. "बरं, चल. तुझा बाप गेल्यापासून शेजारचा गेन्झो माझी दोरी धरतो, आणि मेला डुलक्या घेतो. आज तू धर. येतं ना अजून, की नुसते हुकूमच सोडता येतात?"

आता ती खाली होती. वर्तुळं विरली. पाणी मिटलं. जिथे आई गेली तिथे नुसतं ऊन उरलं. निर्विकार, झगमगतं, काहीच न झाल्यासारखं. तोकुजीनं दोरीकडे पाहिलं. दोरी शांत. पाण्याकडे पाहिलं. पाणी शांत. संदेशयंत्राची ती शांतता, तीच ही शांतता. तिच्या तळाशी त्याला पोलाद दिसलं, विझलेले दिवे दिसले, हवेसाठी उघडलेलं एक कोवळं तोंड दिसलं—

आणि त्यानं ओढलं. हिसका आलाच नव्हता, तरी ओढलं. तळवे सोलवटून, वेड्यासारखं ओढलं.

पाणी फुटलं. "अरे गाढवा!" शीळ घालायलाही न थांबता म्हातारी कडाडली. "हिसका दिला होता का मी? केवढा शिंपला हातातून सुटला! दोरी धरणारा माणूस असं करतो कधी?"

बोलता बोलता तिनं त्याचा चेहरा पाहिला. मग दोरीवरचं त्याच्या तळव्यांचं रक्त पाहिलं. आणि तिचा राग ओसरत्या भरतीसारखा, आवाज न करता, मागे गेला.

"खालीच आहे तो," ती म्हणाली.

तोकुजीनं सोलवटलेले तळवे मिटले.

"त्याची दोरी कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या."

"मग ओढ ना रे."

"आई," पंचावन्न वर्षांचा ॲडमिरल म्हणाला, आणि आवाज टोपलीतल्या बाळाचा झाला, "तिला दुसरं टोकच नाही."

होडीला धरून ती कष्टानं वर चढली. कमरेची गाठ सोडली. ते रिकामं, निथळतं टोक तिनं हळूच पाण्यात सोडलं. पाळण्यातून हात काढून घ्यावा, तसं. मग त्याच्याशेजारी बसून, खुल्या समुद्राकडे तोंड करून, बुडी न मारताच तिनं शीळ घातली. लांब. ओली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

तोकुजीनं उजवा कान पाण्याकडे वळवला. संत्र्यांचा गंध येत होता, ऊन येत होतं, लाटा येत होत्या. दोरी हातात होती. तिच्या टोकाला सबंध समुद्र होता. आणि दोरी शांत होती, शांत होती, शांत होती.