बाळंतविड्याची जकात

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. नग सात, वजन चार किलो दोनशे ग्रॅम. रत्नागिरीच्या मारुती मंदिराजवळच्या कुरिअरच्या कचेरीत रघुनाथ पिलणकरांनी काट्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि मगच खोक्याला चिकटपट्टी लावू दिली. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मिरजोळ्याच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षे तपासणी विभाग सांभाळलेल्या माणसाला दुसऱ्याने वाचलेला आकडा पटत नसे.

खोक्यात बाळंतविडा होता. एक कुंची, दोन दुपटी, तीन झबली आणि एक गोधडी. त्यांची एकुलती लेक दिशा जर्मनीत एका रुग्णालयात परिचारिका होती. पंधरा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती आणि तीस तारखेला बारसे ठरले होते. त्यांची बायको बकुळा हिचा पासपोर्ट पोलीस चौकशीत अडकल्यामुळे दोघांना जाता येत नव्हते. निदान नातीला आजोळची कुंची घालून पाळण्यात ठेवावे, एवढीच बकुळाची मागणी होती. तिने आपल्या वापरून मऊ झालेल्या लुगड्यांतून ती कुंची आणि गोधडी शिवली होती. गणपती उठले तेव्हा हाती घेतलेली सुई दिवाळीच्या फराळालाच खाली ठेवली.

डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र काउंटरवरच्या सूरजने बाजूला सारला. तूप असलेले खाणे तिकडे चालत नाही, म्हणाला.

"मग तूच खा," बकुळा म्हणाली. "बाळंतीण नाहीस, पण दिसतोस तसाच."

सूरज हसला आणि त्याने संगणकावर पुढचा रकाना उघडला. मालाची किंमत किती लिहायची? रघुनाथांनी घरूनच आकडेमोड करून आणली होती. झबल्यांचे नवे कापड, अस्तर, दोरा, आणि त्यावर शिलाईचे तास. तासाला दर कारखान्यातल्या कुशल कामगाराचा. एकूण अठरा हजार सहाशे. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यात गेलेले साहित्य आणि श्रम, हे त्यांना कॉलेजात शिकवले होते आणि त्याहून वेगळे काही लिहिणे त्यांना खोटेपणाचे वाटले असते. बकुळाने तो आकडा दोनदा वाचून घेतला.

"चाळीस वर्षे फुकट राबले," ती म्हणाली. "आज पगार लागला म्हणायचा."

ती हे थट्टेने म्हणाली खरी, पण घरी परतताना रिक्षात तिची मान ताठ होती, हे रघुनाथांच्या नजरेतून सुटले नाही. वाहतुकीचे सात हजार आठशे रुपये त्यांनी निमूट भरले. दूरचा पल्ला, विमानाचे भाडे. त्यात त्यांना काही गैर वाटले नाही.

गैर वाटले ते पुढच्या शुक्रवारी. दिशाने फोनवर सांगितले की खोके तिकडच्या जकात कचेरीत अडकले आहे आणि एकशे तीन युरो भरल्याशिवाय ते सुटणार नाही. म्हणजे आपले साडेदहा हजार. रघुनाथांनी तिच्याकडून बिलाचा फोटो मागवला, जर्मन मजकूर तिच्याकडून एकेक ओळ करून समजून घेतला, आणि जसजसे समजत गेले तसतसा त्यांचा आवाज चढत गेला. जकात नुसत्या कपड्यांवर नव्हती. कपड्यांच्या किमतीत विमानाचे भाडे मिळवून त्या बेरजेवर होती. त्या जकातीसकट झालेल्या रकमेवर आणखी एक कर होता. हे पैसे कंपनी दिशाच्या वतीने जकात कचेरीत भरणार, म्हणून त्या उपकाराचे वेगळे शुल्क. आणि त्या शुल्कावरही कर.

ही लुगडी बकुळाने रत्नागिरीच्या बाजारात रोख पैसे देऊन घेतली होती, वीस वर्षे नेसली होती. त्यांवरचा कर कधीच भरून झाला होता. आणि जो पैसा वाहतुकीवर खर्च झाला, त्याने कुंची काडीभर तरी वाढली का? आजीने नातीला पांघरूण पाठवायचे, तर दोन देशांनी मधे हात पसरून उभे राहायचे, हा कुठला न्याय? हे सगळे ते दिशाला ऐकवत होते, जणू जर्मनीचा कारभार तिच्याच हाती होता.

"बाबा, जाऊ दे ना," ती दमल्या आवाजात म्हणाली. "मी भरून टाकते. आठवडाभरात नाही भरले तर खोके परत पाठवतील, त्याचा खर्च पुन्हा तुमच्यावर."

तोवर स्वयंपाकघरातून बकुळा येऊन उभी राहिली होती. तिने फोन हातातून काढून घेतला.

"तू एक पैसा भरायचा नाहीस. माहेरचा विडा लेकीने पैसे देऊन सोडवायचा? तो काय गहाण पडलाय?"

पलीकडे बाळ कुरकुरले. दिशा त्याला घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच दोघे सूरजसमोर बसले. रघुनाथांनी त्याला पहिला प्रश्न हा विचारला, की किमतीच्या रकान्याखाली हा सापळा आहे हे सांगणे त्याच्या कामात येत नव्हते का. सूरज ओशाळला. लोक सगळे कमीच लिहितात काका, तुम्ही खरे लिहाल असे वाटले नाही, असे तो बोलून गेला. मग त्याने एक वाट सुचवली. पाठवणाऱ्याने सुधारित पत्र द्यायचे : आतले कपडे जुन्या, वापरलेल्या कापडाचे आहेत, त्यांना बाजारात किंमत नाही. पंचेचाळीस युरोंच्या आतली घरगुती भेट असेल तर तिकडे काही लागत नाही. पत्राचा मसुदा त्याच्याकडे तयारच होता. फक्त सही हवी होती.

रघुनाथांनी खिशातून पेन काढले. राग अजून उतरला नव्हता, आणि या लोकांच्या हातून साडेदहा हजार हिसकावून घेण्याची ही कायदेशीर दिसणारी संधी होती. शिवाय ते अगदीच खोटेही नव्हते. लुगडी जुनीच होती. त्यांनी टोपण काढले.

"काय लिहिलंय ते मराठीत सांगा," बकुळा म्हणाली.

त्यांनी सांगितले. किंमत नाही, हे शब्द उच्चारताना मात्र ते अडखळले.

"म्हणजे चिंध्या म्हणा."

"कागदापुरतं आहे ते, बकुळा."

"किमतीचा आकडाही कागदापुरताच होता की. तो तुम्ही मला वाचून दाखवलात, तेव्हा का नाही म्हणालात तसं?"

सूरज खाली मान घालून की-बोर्ड पुसू लागला. करावरचा कर हा अन्याय होता, हे त्यांचे म्हणणे तसूभरही बदलले नव्हते. पण त्या अन्यायातून सुटायला बायकोच्या दीड महिन्याच्या कामाला चिंध्या ठरवायचे आणि खाली आपली सही करायची, हे त्यांच्या हाताने होईना. कारखान्यात त्यांनी चांगला माल कधी भंगारात टाकू दिला नव्हता. त्यांनी टोपण परत लावले.

सगळा आकार पाठवणाऱ्याच्या नावावर घ्या, त्यांनी सूरजला सांगितले. त्याने फोन लावला, बराच वेळ थांबला आणि चाचरत म्हणाला, होईल, पण नाव बदलण्याचे आणखी दीड हजार पडतील.

"त्यावरही कर असेल," रघुनाथ म्हणाले.

"त्यात धरलाय, काका."

त्यांनी बारा हजार रुपये भरले. तिथेच बसून त्यांनी कंपनीला तक्रार लिहिली : भाड्यावर आणि शुल्कावर कर आकारला जाईल, हे ग्राहकाला खोके स्वीकारण्यापूर्वी सांगितले जात नाही, तसे सांगण्याची सक्ती व्हावी. पोच घेतल्याशिवाय ते उठले नाहीत. उत्तर आजतागायत आलेले नाही.

खोके अठ्ठावीस तारखेला दिशाच्या दारात पोहोचले. बारशाच्या दिवशी तिने फोन पाळण्यासमोर धरला. कुंचीतून नातीचे नाक तेवढे दिसत होते, आणि कुंचीचा काठ बकुळाने इथूनही ओळखला. दिशा पोटात असताना डोहाळजेवणाला नेसलेल्या लुगड्याचा होता तो. दिशाने हळूच विचारले, बाबा, शेवटी माझ्या वाट्याला किती आले, ते सांगा, मी पाठवते. बकुळाने रघुनाथांकडे पाहिले. त्यांनी पावती कॅमेऱ्यासमोर धरली आणि प्राप्तकर्त्याने भरावयाच्या रकमेच्या ओळीवर बोट ठेवले.

०.