डोक्यात भुसा

घरात त्याला सगळे नाटक्या म्हणत. टाळ्यांवर पोट भरेना, म्हणून तो सिनेमात नशीब काढायला थेट परदेशी गेला. तिथे तीन वर्षं आरशासमोर जीभ वळवून वळवून त्याने तिथले उच्चार असे घोटले, की फोनवर त्याला कुणी परका म्हणेना.

अखेर एका भूमिकेसाठी बोलावणं आलं. बाहेरच्या देशातून आलेल्या बापाची भूमिका! नाटक्याने जीव ओतून प्रवेश करून दाखवला. दिग्दर्शिकाबाई हिरमुसल्या.

"छान करता हो, पण तुम्ही परके वाटतच नाही."

भूमिका गेली तिथल्याच एका देखण्या नटाकडे. नाटक्याला काम मिळालं ते त्या नटाला परक्यासारखं बोलायला शिकवायचं. दुधाची तहान ताकावर, म्हणत त्याने ते पत्करलं.

शेवटच्या प्रसंगात बापाने आजारी मुलीच्या उशाशी बसून मायबोलीत, म्हणजे मराठीत, प्रार्थना म्हणायची होती.

"काहीतरी काळजाला भिडणारं द्या," नट म्हणाला.

नाटक्याने गंभीर चेहऱ्याने शिकवलं, "माझ्या डोक्यात भुसा भरलाय, देवा."

नटाने ते डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. दिग्दर्शिकाबाईंना हुंदका आवरेना.

सिनेमा गाजला, नटाला बक्षीस मिळालं. इकडे नाटक्याच्या मावशीने तो पाहिला आणि लगेच त्याला फोन लावला.

"अरे, किती खरं बोलतो रे तो! तुला का नाही घेतलं?"

"मावशी," नाटक्या म्हणाला, "मला ते वाक्य इतक्या मनापासून म्हणता आलं नसतं गं."